उतार धरा, फेझ सापडेल

फेझला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगतो: बाब बू जलूदच्या वेशीतून आत शिरलात की मोबाइलचा नकाशा खिशात ठेवा. उंच भिंतींमधल्या बोळांत तो हमखास भरकटतो. त्यापेक्षा उतार पाहा. मोरोक्कोतलं हे तटबंदीचं जुनं शहर नदीकाठी, खोलगट जागी वसलं आहे. वेशीपासून तला कबीरा आणि तला सगीरा हे दोन मुख्य रस्ते खाली उतरतात. उतरत गेलात की बाजार, करावियिन मशीद आणि मग नदी. वाट चुकलीच, तर नदीच्या या काठावर चढाचा रस्ता धरा. वेशीच्या अंगाला याल.

इतिहास थोडक्यात. आठव्या शतकाच्या अखेरीस इद्रिसी राजांनी शहर वसवलं. स्पेनमधल्या कोर्दोबातून आणि ट्युनिशियातल्या कैरवानमधून आलेल्या कुटुंबांनी ते वाढवलं. करावियिन 859 मध्ये फातिमा अल्-फिहरी या स्त्रीने उभारली, असं परंपरा सांगते. मरिनी सुलतानांनी मदरसे बांधले, 1912 मध्ये फ्रेंच आले आणि 1981 मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारसा ठरवलं.

मला वेड आहे ते इथल्या धंद्यांच्या मांडणीचं. मशिदीलगत अत्तारांचा बाजार, म्हणजे मसाले आणि सुगंध. ज्यांना भरपूर पाणी लागतं आणि ज्यांचा वास सुटतो, ते रंगारी आणि चांभार नदीकडे. ही रचना एकदा ध्यानात आली की नाक आणि कानच वाट दाखवतात.

कानांसाठी सफ्फारीन चौक! करावियिनच्या ग्रंथालयाचं दार याच चौकात उघडतं आणि समोर तांबट बसलेले. पुण्याच्या तांबट आळीत वावरलेल्या माणसाला ते ठोके ओळखीचे वाटतील. लग्नाकार्याची अजस्र पातेली दुकानांबाहेर रचलेली असतात. एक म्हातारा कारागीर पातेलं गुडघ्यांत धरून ठोकत होता, शेजारचा त्याच्या ठोक्यांच्या मधल्या जागेत आपला ठोका बसवत होता. चहाच्या दुकानात बसून मी ते कितीतरी वेळ ऐकलं. मदरसे, राजवाडे राहिले तरी चालतील, हा चौक चुकवू नका. तिथून रंगाऱ्यांची गल्ली अगदी जवळ आहे. सुताच्या ओल्या लडी टांगलेल्या दिसतात.

चुआराची कातडी कमावण्याची कुंडं पाहायला चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवर जावं लागतं. चुना आणि कबुतरांची विष्ठा वापरून कातडी मऊ करतात, म्हणून नाकाशी धरायला पुदिन्याची काडी देतात. खरेदीचा आग्रह होतो. नको असेल तर हसून नाही म्हणा. वाटेत एखादा तरुण ‘पुढे रस्ता बंद आहे’ सांगून भलतीकडे नेऊ पाहतो. मलाही असा एक भेटला. रस्ता चांगला उघडा होता.

बू इनानिया मदरसा तिकीट काढून जरूर पाहा. चौदाव्या शतकातलं इतकं नाजूक लाकूडकाम आणि गिलावा एका जागी क्वचित मिळतो. त्याच्यासमोरच्या भिंतीवर 1357 मधल्या जलघड्याळाच्या खिडक्यांची रांग आहे. करावियिनमध्ये मात्र मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. दारातून अंगण दिसतं, तेवढ्यावर समाधान मानायचं.

आता बारीकसारीक. भारतीयांना व्हिसा लागतो. दिरहॅम तिथेच घ्या आणि सुटे जवळ ठेवा. बोळांत मोटारी नाहीत, सामान खेचरांवरून जातं, मागून ‘बालाक!’ ऐकू आलं की लगेच भिंतीला चिकटा. शुक्रवारी दुपारी बरीच दुकानं बंद असतात, खरेदी आदल्या दिवशी उरका. शाकाहाऱ्यांनी बिसारा शोधावा: सुक्या बाकल्याचं दाट सूप, वरून ऑलिव्ह तेल आणि जिरं. हरीरा हे दुसरं सूप मागवण्याआधी त्यात मांस आहे का, विचारून घ्या.

मुक्काम वेशीच्या आतच करा, निदान दोन रात्री. त्यासाठी माराकेशचा एक दिवस कमी करावा लागला तरी करा. फेझ त्याहून सरस आहे.