बाद फेरी आणि धावते वर्णन

साखळी सामन्यात हरलेल्या संघास पुढील सामन्याचा आधार असतो; बाद फेरीत तो नसतो. एक झेल सुटला की वर्षभराची मेहनत वाया जाते. अमेरिकेतील बेसबॉल असो की आपले क्रिकेट, हंगामाच्या शेवटच्या या सामन्यांत समालोचकाची खरी परीक्षा होते. श्रोत्यांचे मन आधीच व्याकूळ झालेले असते. तेथे शब्द सावरून वापरावे लागतात.

आम्हां हुबळी-धारवाडकर मराठी मंडळींना या फेरीत आणखी एक पेच पडतो. मुंबई आणि कर्नाटक समोरासमोर आले म्हणजे आपण कोणाचे? १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले आणि त्याच हंगामात, १९७४ साली, रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात बंगळूर येथे कर्नाटकाने मुंबईस नमविले. १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे करंडक मुंबईकडे होता. विश्वनाथने १६२ धावा काढल्या, प्रसन्नाने गावसकरचा त्रिफळा उडविला, आणि पहिल्या डावातील आघाडीने निकाल लागला. सामना अनिर्णित राहिल्यास ही आघाडीच निर्णायक ठरते. म्हणून प्रतिस्पर्ध्याची धावसंख्या जवळ येऊ लागली की एकेका धावेला सोन्याचे मोल येते. त्या वेळी काही मराठी घरांत पेढे वाटले गेले आणि काही घरांत चूल थंड होती, असे वडीलधारे सांगत.

पुढे जानेवारी २०१० मध्ये म्हैसूरच्या अंतिम सामन्यात उलट झाले. ३३८ धावांचे लक्ष्य घेऊन उतरलेला कर्नाटकाचा संघ मनीष पांडेच्या १४४ धावांनंतरही ३३१ वर संपला. मुंबई अवघ्या सहा धावांनी जिंकली. आमच्या मते अशा वेळी दोन्ही बाजूंसाठी टाळी वाजविता येणे हेच येथल्या मराठी माणसाचे भाग्य होय. भीमेच्या अलीकडे अन्न आणि पलीकडे आडनाव, अशी ज्यांची स्थिती, त्यांनी एकाच बाजूचे का व्हावे?

परंतु हा लेख निष्ठेविषयी नाही, भाषेविषयी आहे. मुंबईत बॉबी तल्यारखान यांनी चौरंगी-पंचरंगी सामन्यांचे इंग्रजी वर्णन एकहाती केले. ध्वनिक्षेपक दुसऱ्यासवे वाटून घेणे त्यांना मान्य नव्हते. मराठीत ही वाट रुळविली ती पुण्याच्या बाळ ज. पंडित यांनी. स्वतः महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेल्या पंडितांचे २०१५ साली निधन झाले. आकाशवाणीवरील त्यांच्या वाणीने खेळ घरात आणला. वृत्तपत्रांतून क्रीडालेखनास मान मिळवून देणारे वि. वि. करमरकर हेही समालोचन करीत.

या मंडळींनी वापरात आणलेले शब्द पाहावेत. तोफ डागणारा तो गोलंदाज. मराठेशाहीतील हा शब्द आता चेंडूफेकीला जोडला गेला. तीन फळांचे औषध ते त्रिफळा. तीन यष्ट्या उडाल्या की तोच शब्द हसतमुखाने पुढे येतो. पायचीत, यष्टिचीत यांत कुस्तीच्या आखाड्यातील ‘चीत’ आहे. निर्धाव षटक ऐकताना तर व्याकरणाचा उपसर्ग मैदानावर उतरल्याचा भास होतो. शेजारच्या कन्नडने हेच काम आपल्या रीतीने केले आहे: तेथे धाव म्हणजे ‘ओट’ आणि फलंदाज म्हणजे ‘दांडिग’, आपल्या ‘दांडगा’ शब्दाची आठवण करून देणारा! १९५० साली सुरू झालेल्या धारवाड आकाशवाणीच्या परिसरात वाढलेल्या मुलांच्या कानी दोन्ही भाषांचे संस्कार सहज पडतात, ही श्रीमंतीच म्हणावयाची.

शाळेत आम्ही नित्य पाहतो की घरी मराठी बोलणारी पुष्कळ मुले मराठी वाचू शकत नाहीत. त्यांची मराठी ‘जेव’, ‘नीज’, ‘अभ्यास कर’ यांपुढे जात नाही. जी भाषा केवळ आज्ञा देते, तिच्यावर मुलाचा जीव कसा जडावा? आनंद, निराशा, थरार यांचे शब्द मुलास मातृभाषेत मिळाले नाहीत, तर दोन पिढ्यांत ती भाषा देवघरापुरती उरेल. समालोचन हे काम पुस्तकावाचून करते. २०२३ पासून आयपीएल सामने भ्रमणध्वनीवर मराठीतही ऐकावयास मिळू लागले. त्यातील आरडाओरडा आम्हांस रुचतोच असे नाही. चेंडू सीमेपलीकडे जात असता क्षणभर गप्प बसणे ही जुन्या समालोचकांची कला होती. तरीही ते मराठी आहे, आणि मूल ते आपणहून ऐकते.

वाचकांस आमची एक विनंती आहे. पुढील बाद फेरीच्या वेळी एक डाव मराठीतून ऐकावा, दुसरा कन्नडमधून. मग आवाज बंद करून घरातील लहानग्यास एका षटकाचे वर्णन मराठीत करावयास सांगावे. तो अडखळेल, दोन इंग्रजी शब्द घालील, टोकू नये. सहा चेंडू पूर्ण होऊ द्यावेत.