सही नको, काम द्या

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात, कॉलेज रोडवर, तमिळनाडूच्या शालेय शिक्षण खात्याचं विस्तीर्ण आवार आहे. 2022 मध्ये त्याला माजी शिक्षणमंत्री क. अन्बळगन यांचं नाव दिलं गेलं, तरी लोकांच्या तोंडी अजून ‘डीपीआय’ हे जुनं नावच आहे. या खात्यानं गेल्या काही दशकांत जे प्रयोग केले, त्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. ‘पालकांनी मुलांच्या शिक्षणात लक्ष घालावं’ हे वाक्य आपण फार सैल वापरतो. लक्ष घालायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. पालकसभेला बोलवायचं, प्रगतिपुस्तकावर सही घ्यायची, मुलाच्या चार तक्रारी ऐकवायच्या आणि निरोप द्यायचा, एवढ्यालाच सहभाग म्हटलं जातं. शिक्षक आणि पालक यांची भागीदारी खरी व्हायची तर पालकाच्या हाती ठोस काम असावं लागतं.

याला चांगला पुरावा आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ संस्थेबरोबर 280 गावांत एक प्रयोग केला. काही गावांत सभा घेऊन ग्राम शिक्षण समितीचे अधिकार समजावून सांगितले. समितीच्या कित्येक सदस्यांना आपण सदस्य आहोत याचाच पत्ता नव्हता! काही ठिकाणी तर मुलांना वाचता येतं की नाही हे गावकऱ्यांनी स्वतः तपासलं. तरीही समित्या हलल्या नाहीत आणि शाळांतही फरक पडला नाही. पण जिथे गावातल्याच तरुणांना वाचन शिकवण्याची सोपी पद्धत दाखवून वर्ग चालवायला दिले, तिथे वर्गाला येणाऱ्या मुलांचं वाचन सुधारलं. गावात आस्था सगळीकडेच होती, पण हाताला काम फक्त याच गावांत मिळालं. कोविडनंतर तमिळनाडूनं 2021 मध्ये ‘इल्लम तेडी कल्वी’, म्हणजे घर शोधत येणारं शिक्षण, ही योजना आणली. सुमारे 2 लाख स्वयंसेवक, बहुतेक वस्तीतल्याच स्त्रिया, संध्याकाळी तास-दीड तास मुलांना शिकवू लागल्या. पुढे झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत मुलांची सुमारे दोन-तृतीयांश पिछाडी भरून निघाली आणि त्या सुधारणेतला जवळपास चौथा हिस्सा या संध्याकाळच्या वर्गांचा होता. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला शाळाच आदिवासी पाड्याच्या अंगणात नेली होती, त्याची इथे आठवण होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. सुशिक्षित पालकांचं ठीक आहे, मोलमजुरी करणारे काय करणार? 1958 साली याच नुंगंबाक्कममधल्या गृहिणींनी राजलक्ष्मी पार्थसारथी यांच्या पुढाकारानं 13 मुलांना घेऊन पद्म शेषाद्री बाल भवन ही शाळा काढली. त्यांच्या योग्यतेबद्दल कुणाला शंका येत नाही. पण त्याच वर्षी, कामराज मुख्यमंत्री आणि ने. दु. सुंदरवडिवेलू शिक्षण संचालक असताना, मद्रास राज्यात शाळा-सुधारणा परिषदा सुरू झाल्या. त्यांत खेड्यापाड्यांतल्या लोकांनी खोल्या, बाकं, फळे आणि भांडी आपापल्या शाळांना दिली. स्वतः शाळेची पायरी न चढलेली माणसंही त्यांत होती. तेव्हा गरीब पालकाला शिक्षणाची कदर नसते, हे म्हणणं टिकत नाही. त्याच्याजवळ नसतो तो वेळ. सकाळी अकराला सभा ठेवली की त्याची दिवसाची मजुरी बुडते. मग त्याच्या गैरहजेरीला उदासीनता म्हणणं हा अन्याय आहे.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. पालकांना अधिकार दिले की वर्गात ढवळाढवळ होईल, समितीत गावचं राजकारण शिरेल, ही भीती निराधार नाही. पण शिक्षण हक्क कायद्यानं 2009 मध्ये कामांची वाटणी बऱ्यापैकी नीट केली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात; समितीनं शाळेच्या कामावर देखरेख ठेवावी, अनुदानाचा खर्च तपासावा, विकास आराखडा करावा. जोडाक्षरं कशी शिकवायची हे समितीनं ठरवायचं नाही. तमिळनाडूनं 2022 मध्ये ‘नम् पळ्ळी नम् पेरुमै’ (आपली शाळा, आपला अभिमान) म्हणत 37,000 हून अधिक सरकारी शाळांत या समित्या नव्यानं बांधल्या. महाराष्ट्रातही समित्या आहेत; पण अनेक ठिकाणी इतिवृत्त आधी लिहून तयार असतं आणि सह्या नंतर होतात. आराखड्यात कुठल्या मुलाला अजून वाचता येत नाही, कुणाची हजेरी घसरली, नळाला पाणी का नाही, हे प्रश्न असतील आणि प्रत्येकापुढे कुणा पालकाचं वा शिक्षकाचं नाव असेल, तर पुढच्या सभेत दोघांनाही एकमेकांना विचारण्यासारखं काहीतरी असेल. त्यासाठी सभा संध्याकाळी सातला घ्यावी लागली तर ती सातलाच घ्यावी.