प्रोग्राम न चालवता त्याची खात्री

२९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. त्याच जिल्ह्यातल्या कोरीटसारख्या गावांत आज रेशनसाठी यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो, निराधार योजनेचे पैसे बँकेच्या खात्यात येतात. या प्रत्येक व्यवहारामागे कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम आहे. तो ऐनवेळी चुकणार नाही, याची खात्री कशी करायची? संगणकशास्त्रातली ‘प्रोग्राम अ‍ॅनालिसिस आणि व्हेरिफिकेशन’ ही शाखा याच प्रश्नावर उभी आहे. आपल्या भागातल्या हुशार मुलामुलींनी या संशोधनात यावं, असं मला फार वाटतं.

नेहमीचा मार्ग चाचणीचा. पण ३२ बिटांच्या दोनच संख्या घेणारा प्रोग्राम असला, तरी त्यांच्या जोड्या २ चा ६४ वा घात इतक्या होतात. सेकंदाला १०० कोटी जोड्या तपासल्या, तरी सगळ्या संपायला सुमारे ५८४ वर्षं लागतील. आणि तपासायची राहून गेलेली एक शक्यताही महाग पडू शकते. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात ३७ सेकंदांच्या आसपास भरकटलं आणि नष्ट झालं. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसवताना मावली नव्हती. तोच कोड आधीच्या एरियन-४ वर बिनतक्रार चालला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, एवढाच फरक.

मग सगळ्या शक्यता एकदम कशा तपासायच्या? रोजची मजुरी काढणारा प्रोग्राम घ्या: एकूण रक्कम भागिले कामाचे दिवस. दिवस शून्य निघाले, तर भागाकार फसतो. दिवस १ की २६, हे विश्लेषण करणारं साधन बघतच नाही. ‘शून्य’, ‘शून्याहून मोठी’ आणि ‘यांपैकी काहीही’ एवढ्याच खुणा ते प्रत्येक चलावर ठेवतं. प्रोग्राम न चालवता त्याची प्रत्येक वाट ते या खुणांवर चालून बघतं. एका वाटेने ‘शून्य’ आलं आणि दुसरीने ‘शून्याहून मोठी’, तर जिथे वाटा मिळतात तिथे खूण ‘काहीही’ होते. भागाकाराच्या ओळीवर ही खूण पोहोचली, की इशारा. फ्रान्सच्या पॅट्रिक आणि राधिया कुझो यांनी १९७७ मध्ये या विचाराला पक्का गणिती पाया दिला. त्यावरच बांधलेल्या ‘अ‍ॅस्ट्रे’ या साधनाने २००३ मध्ये एअरबस ए-३४० च्या मुख्य उड्डाण-नियंत्रणाच्या सी भाषेतल्या १,३२,००० ओळी तपासल्या आणि चालता चालता कोसळवणारी एकही चूक त्यांत नाही, हे सिद्ध केलं.

पण खुणा ढोबळ असतात. जिथे दिवस शून्य होणं शक्यच नाही, तिथेही साधन कधी इशारा देतं. अशा शंभर खोट्या इशाऱ्यांनंतर खरा आला, तर त्याच्याकडे कोण बघणार? आणि इशारे कमी करायला खुणा बारीक केल्या, तर विश्लेषणाचा वेळ भरमसाट वाढतो. पूर्ण अचूकता तर मिळणारच नाही: एखादा प्रोग्राम थांबेल की नाही, हे सर्व प्रोग्रामांसाठी सांगणारी रीत असूच शकत नाही, हे अ‍ॅलन ट्यूरिंगने १९३६ मध्येच दाखवलं होतं. त्या मर्यादेच्या अलीकडे किती अचूकता मिळवता येते, ती किती वेळात, यावर या शाखेतल्या माणसाचं सगळं आयुष्य जातं. मला तरी हे काम देखणं वाटतं.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा आहे. मुंबईत पवईच्या आयआयटीत धनंजय ढमढेरे यांनी कंपायलरवर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या साधनावर, मूलभूत काम केलं. उदय खेडकर हे त्याच संस्थेतले. त्यांची वाट मुद्दाम सांगावीशी वाटते: बी.ई. जबलपूरच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून, एम.टेक. पुणे विद्यापीठातून आणि १९९५ मध्ये आयआयटी मुंबईची पीएच.डी. पुणे विद्यापीठात काही वर्षं शिकवून २००१ पासून ते पवईला. त्यांचा विषय डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस: प्रोग्रामच्या या ओळीवर असलेलं मूल्य पुढे कुठे लागणार आहे का, कुठून आलं, अशी माहिती काढणं. ढमढेरे आणि खेडकर यांचा सिद्धान्त मांडणारा शोधनिबंध १९९४ मध्ये ‘टोपलास’ या नामांकित नियतकालिकात आला. अमिताभ सान्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह खेडकरांनी लिहिलेलं पुस्तक २००९ मध्ये. पुण्यात टाटांच्या टीआरडीडीसी या १९८१ पासूनच्या संशोधन केंद्राच्या परंपरेतून ‘व्हेरिअ‍ॅब्ज’ हे साधन घडलं. प्रोग्राम बिनचूक असल्याचं सिद्ध करणाऱ्या साधनांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०२० मध्ये एका मुख्य गटात ते पहिलं आलं.

कोरीटच्या मुलीला इथवर यायचं, तर सुरुवात जळगावच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातल्या बी.एस्सी.पासूनही होऊ शकते. पुढे एम.एस्सी. किंवा एम.सी.ए., मग गेट किंवा नेट परीक्षा, आणि पीएच.डी.ची मुलाखत. तिथे कोणती नवी भाषा येते, यापेक्षा तर्कशास्त्र, संच, आलेख आणि गणिती विगमनाने केलेली सिद्धता यांवर हात किती बसला आहे, हे अधिक कामाला येतं. पैशांची चिंता रास्त आहे. पण केंद्राची कनिष्ठ संशोधन फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, आणि घरभाडे भत्ता वेगळा. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं सहज जातात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं.