लस देणाऱ्यांच्या दंडाचं काय?

फ्लूची लस घ्या, असं रुग्णांना सांगणाऱ्यांपैकी किती जण ती स्वतः घेतात? अमेरिकेत सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयात 2003 मध्ये हा आकडा 54 टक्के होता. म्हणजे जवळपास निम्मे कर्मचारी लशीविनाच वावरत होते.

टाळण्याची कारणं सगळीकडे सारखीच. ‘घेतली आणि दुसऱ्याच दिवशी ताप आला’ ही नेहमीची तक्रार. तिच्यात थोडं तथ्य आहे. इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यातून फ्लू होऊच शकत नाही. पण दंड ठणकतो, एखादा दिवस कणकण वाटते. शिवाय संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. तेवढ्यात खऱ्या फ्लूने गाठलं, तरी खापर लशीवर फुटतं.

‘रोज तापाचे पेशंट बघतो, आम्हाला काय होतंय?’ हे मात्र जास्त घातक. फ्लू झालेल्या माणसाकडून विषाणू लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच पसरू शकतो. सलाईन लावताना ठणठणीत असलेल्या सिस्टरला संध्याकाळी ताप भरतो; तोवर वॉर्डातल्या चार खाटा पालथ्या घालून झालेल्या असतात. आणि अंगात ताप घेऊन ड्युटीवर येणाऱ्याचं आपण वर कौतुक करतो!

कर्मचाऱ्यांनी लस घेतल्याचा रुग्णांना फायदा किती? स्कॉटलंडमध्ये वृद्धांच्या 20 रुग्णालयांत झालेला अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. कर्मचाऱ्यांना लस देऊ केलेल्या ठिकाणी रुग्णांचं मृत्युप्रमाण 13.6 टक्के, इतरत्र 22.4. फरक मोठा आहे, इतका की सगळं श्रेय लशीला द्यायला टीकाकार तयार नाहीत. मलाही ते पटतं. पण फायदा थोडा धरला तरी लशीची बाजू पडत नाही.

व्हर्जिनिया मेसनने 2005 मध्ये लस सक्तीची केली. 4,703 कर्मचाऱ्यांपैकी 97.6 टक्के लोकांनी ती घेतली. नोकरी सोडणारे मोजकेच निघाले. परिचारिकांची संघटना मात्र लवादाकडे गेली आणि जिंकली: करारात नसलेली अट आंतररुग्ण विभागातल्या परिचारिकांवर लादता येणार नव्हती. लस न घेणाऱ्यांसाठी मग मास्क आला.

सक्तीच्या अलीकडेही एक वाट आहे. रटगर्स विद्यापीठात काही कर्मचाऱ्यांना लशीची तारीख-वेळ आधीच ठरवून कळवली, नको असेल तर रद्द करण्याची मुभाही दिली. बाकीच्यांना वेळ स्वतः ठरवायला सांगितलं. पहिल्या गटात 45 टक्के लोकांनी लस घेतली, दुसऱ्यात 33. पटवून देणं दोन्हीकडे सारखंच होतं, फक्त खटाटोप कमी केला.

महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यातही उचल खातो. तेव्हा रुग्णालयांच्या व्यवस्थापकांनी मे महिन्यातच लशीची ट्रॉली वॉर्डावॉर्डांत फिरवावी, नाइट ड्युटीलाही. आणि यादीत डॉक्टरांच्या बरोबरीने मावशी आणि वॉर्डबॉय यांचीही नावं असू द्यावीत.