नळीच्या आतला उजेड

  औसा, उदगीर आणि परंडा हा भुईकोटांचा मुलूख. १७६० साली उदगीरच्या लढाईत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले, त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफा-बंदुकांचा वाटा मोठा होता. किल्ल्यावर गेलेला माणूस आजही तोफेवर हात फिरवून येतो. बंदुकीच्या नळीत मात्र कोणी डोकावत नाही, आणि ठासणीच्या बंदुकीची खरी करामत तिथेच असते.

दारू, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, सगळे तोंडाकडून घालायचे आणि गजाने ठासायचे. दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. ती पेटल्यावर निम्म्याहून अधिक भागाचा वायू होतच नाही. काही धुरातून जातो, बाकीच्या क्षारांचा लेप नळीला धरतो. हा लेप हवेतले पाणी ओढतो. ऊन पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल फिरवले नाही, तर गंजाचे खड्डे पडतात. मग चिंधी फाटते, गोळी वाकडी जाते.

नळी साफ करण्याची ही कटकट अकबर बादशहालाही चुकली नाही. अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त एका चक्राची नोंद आहे: बैल ते फिरवतो आणि एका वेळी सोळा नळ्या साफ होतात.

एकट्या कारागिराची रीत निराळी. नळीच्या बुडाचा पेच काढायचा, गजाच्या टोकाला सुतळी गुंडाळून तो आत उभा करायचा, नळी कोमट करून वितळलेले शिसे ओतायचे. गार झाले की नळीच्या मापाचा दट्ट्या तयार. त्याला तेलात कालवलेली कुरुंदाची पूड चोळायची आणि मागेपुढे ओढायचे. नळी जिथे अरुंद, तिथे दट्ट्या अडतो. तेवढीच जागा पुन्हा पुन्हा घासायची. हात एकसारखा चालू लागला की थांबायचे. दट्ट्या तोंडाबाहेर पूर्ण येऊ द्यायचा नाही. गोळी शेवटी तोंडालाच शिवते; तिथली कड एका अंगाला झिजली की नेम गेला. आरशासारखी चकाकी आणण्याच्या हौसेने अनेक चांगल्या नळ्या वाया जातात.

रायफलीच्या नळीत आटे, म्हणजे मळसूत्री खाचा असतात, म्हणून दट्ट्याही आट्यांबरोबर फिरतो. १८५७च्या काडतुसांमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या १८५३च्या एन्फिल्डला तीन आटे होते. त्यांचा एक फेरा ७८ इंचांत पुरा होई आणि नळी ३९ इंचांची, म्हणजे गोळी अर्धाच फेरा घेऊन बाहेर पडे.

घासूनपुसून हत्यार उजळणे म्हणजे शिकल. अरबी ‘सैकल’वरून आलेला हा शब्द शिकलगारांच्या नावात टिकून आहे. नांदेडला दरवर्षी दिवाळीच्या सुमारास तख्त स्नान होते; गोदावरीचे पाणी आणतात, सचखंड हुजूर साहिबमधली शस्त्रे उजळतात. ज्या शिकलगारांनी पिढ्यानपिढ्या हत्यारे घासली, त्यांची नावे मात्र इतिहासाने टिपली नाहीत.

जुन्या वाड्याच्या माळवदाखाली अशी एखादी बंदूक सापडली, तर ती भरलेलीच आहे असे धरून चाला. कोरडी राहिलेली दारू शंभर वर्षांनीही पेटते. सँडपेपर लावू नका, नळीत गज खुपसू नका. जागची न हलवता आधी पोलीस ठाण्याला कळवा आणि जाणकाराला बोलवा.