शिकंज्यात तीन बायबलं

सकाळी 6.15

आधी खळ. पाव किलो मैदा, पाणी अंदाजानं. चिमूटभर मोरचूद वेगळ्या वाटीत विरघळवलेला. तो घालायचा खळ उतरवायच्या जरा आधी. मोरचूद नसला तर कसर पुठ्ठ्याच्या आत संसार मांडते. पातेलं घरच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून त्याच्या कानाला लाल चिंधी बांधलेली आहे. काका लाकडी उलथन्यानं ढवळतायत, थांबत नाहीत. गाठ राहिली की तिथं पान उठतं.

काका बाइंडर, अठ्ठावन्न वर्षांचे. जात जिनगर, म्हणजे मूळ काम खोगिरं शिवायचं. महूला 1818 मध्ये इंग्रजांची छावणी पडली आणि घोड्यांच्या मागे त्यांचे पूर्वज दक्षिणेतून इकडे आले, असं घरात सांगतात. घोडे गेले, दाभण राहिला. चामड्याऐवजी कागद शिवायला लागले. घरात मराठी, दुकानात हिंदी, घाटाखालचं गिऱ्हाईक आलं तर निमाडी. मराठीही इंदुरी. ‘करून देईन’ असं न म्हणता ‘मी करून देऊन देतो’ म्हणतात.

सकाळी 8.00

शटर वर. मानपूरचं दुकान आठ बाय बारा, भाडं अडीच हजार. मुंबई-आग्रा रस्त्याच्या जुन्या वाटेला लागून, त्यामुळे धूळ भरपूर. पहिलं काम फडकं मारायचं. मग हत्यारं फळीवर: दाभण, आरी, रापी, बारीक करवत, मेणाची वडी, हाडाची पट्टी. पट्टी आजोबांची आहे, एका बाजूनं झिजून वाकडी झालेली. कोपऱ्यात लोखंडी शिकंजा. त्याच्या चाकाला तेल आठवड्यातून एकदा.

शिकंज्यात रात्रभर दाबलेली तीन पुस्तकं. दोन रामचरितमानस आणि एक हिंदी बायबल. जवळच्या कॉन्व्हेंटचं. काका चाक सैल करतात, बायबल काढतात, कण्यावर नखानं टकटक करतात. आवाज भरीव आला म्हणजे सरस वाळला.

हाताखाली काम करणारा काकांचा भाचा समोरून पोहे आणतो. वर शेव, जिरावन. दोन प्लेट पन्नास. तिसरी माझी. मला पैसे देऊ देत नाहीत.

सकाळी 9.00

शाळेची रजिस्टरं, चाळीस. एकाचे साठ रुपये. भाचा जुजं, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, मोजतो, काका करवतीनं कण्यावर खाचा पाडतात, दोघंही बोलत नाहीत. या कामाबद्दल लिहिण्यासारखं इतकंच, पण महिन्याचं भाडं यातूनच निघतं. पैसे कधी येतील ते शाळा सांगेल.

सकाळी 9.50

कॉन्व्हेंटचा माणूस बायबल न्यायला येतो. साडेचारशे रोख. भाच्यानं ते परवा शिवलं तेव्हा त्याला एक शंका आली होती. आधी दुसऱ्या एका घरचं बायबल शिवलं होतं, त्याच्या अनुक्रमणिकेत 66 पुस्तकं होती. याच्यात 73. मधली काही जुजं दुसऱ्या कशातली तर घुसली नाहीत? त्यानं मामाला विचारलं. मामा म्हणाले, नंबर लागतायत ना ओळीनं? मग शिव.

बांधणाऱ्याचं उत्तर म्हणून ते बरोबर आहे. बाकी भांडण साडेचारशे वर्षांहून जुनं. प्रॉटेस्टंटांनी जुन्या करारासाठी यहुद्यांच्या हिब्रू शास्त्रातली पुस्तकं धरली. कॅथलिकांनी ग्रीक परंपरेतून आलेली सात जास्तीची ठेवली आणि 1546 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत त्यावर शिक्का मारला. भाच्याच्या हातात त्या वादाची जाडी आली होती, बोटभरसुद्धा नाही.

सकाळी 10.30

महूच्या बसनं सिस्टर येतात. मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या परिचारिका, सत्तरीच्या. मूळ घर मराठी. पिशवीत टॉवेल, टॉवेलात बायबल. काका हात धुऊन येतात आणि मगच उघडतात.

पुठ्ठा सुटलेला. कणा नाही. कडा पिवळ्या, बोट लागलं की तुकडा पडतो.

“आजीचं आहे,” सिस्टर म्हणतात. “केडगावचं.”

केडगाव म्हणजे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या. सिस्टरची आजी त्यांतली. पुढे ती मिशनच्या छापखान्यात जुळणीवर होती, असं घरात सांगतात.

काका एक जुज उचलतात, पान उलटं करतात आणि भाच्याचं बोट त्यावर ठेवतात. मागच्या बाजूनंही अक्षरं बोटाला लागतात. खिळ्यांचा दाब. भाचा ऑफसेटच्या काळातला, त्याला नवल वाटतं. काका सांगतात: प्रत्येक अक्षराचा खिळा वेगळा, उलटा. केसच्या घरातून उचलायचा, काठीत लावायचा. काना वेगळा, मात्रा वेगळी. पान छापून झालं की सगळे खिळे परत आपापल्या घरात. भिंतीवर नीमचचं निर्णयसागर पंचांग लटकतंय. त्याच नावाच्या मुंबईच्या छापखान्याचे जावजी दादाजी खिळ्यांचं काम शिकले ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात, जिथं मराठी बायबल छापलं जायचं. हे मी सांगितलं तर काका फक्त म्हणाले, “कारागीर जिथं पगार मिळेल तिथं शिकतो.”

“पण मराठी बायबल तर आधीपासून होतं ना?” भाचा विचारतो.

होतं. मत्तयचं शुभवर्तमान 1805 मध्येच बंगालात सेरामपूरला छापलं गेलं होतं. तिथले मिशनरी विल्यम कॅरी यांच्या हाताशी वैजनाथ नावाचे मराठी पंडित होते. नंतर मुंबईच्या अमेरिकन मिशननं 1826 मध्ये नवा करार काढला, पुढे पूर्ण बायबल आलं, त्याच्या सुधारणा झाल्या. रमाबाईंची तक्रार अशी की त्यातलं मराठी संस्कृत शब्दांनी जड आहे, आश्रमातल्या बायकांना कळत नाही. म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या स्वतः बसल्या. सुमारे 18 वर्षं. ज्या बाईला 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ म्हटलं, ती संस्कृत गाळत बसली होती. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. पूर्ण बायबल 1924 मध्ये निघालं, मुक्तीच्याच छापखान्यातून.

“आणि देवळात हेच वाचतात?”

“नाही रे. देवळात बायबल सोसायटीचं. पाळक ते वाचणार, वचन पाठ करायचं तेही त्याच्यातलं. आजी घरी हे वाचायची, देवळात ते ऐकायची.” सिस्टर चष्मा पुसतात. “मी तर आता घरी फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबल वाचते. अक्षर मोठं आहे.”

सकाळी 11.15

काका दर सांगतात. रेक्झिन अर्धा मीटर, पुठ्ठे दोन, अस्तराचा कागद, दोरा, फाटक्या पानांना पतंगी कागद. माल अडीचशेचा. बाकी दीड दिवसाची मजुरी. आठशे. सिस्टर सातशे म्हणतात. साडेसातशेला ठरतं, तीनशे आगाऊ.

मग पानं मोजणं. काका शेवटाकडून सुरू करतात, कारण जुन्या पुस्तकाची पहिली आणि शेवटची पानंच आधी जातात. तसंच झालंय. प्रकटीकरणाची शेवटची दोन पानं नाहीत.

“झेरॉक्स लावून देऊन देतो,” काका म्हणतात. “तुमच्या देवळातल्या पुस्तकाची काढून आणा. साइझ मी कमी करून घेतो.”

सिस्टर लगेच बोलत नाहीत. मला हसू येतं आणि मी ते दाबतो. प्रकटीकरणाच्या शेवटी एक ताकीद आहे: या पुस्तकात कुणी भर घालू नये, यातलं काही काढू नये. काढणारे होते वाळवी आणि पाऊस. भर घालायची पाळी आता मानपूरच्या बाइंडरवर.

“शास्त्र तेच आहे ना?” काका विचारतात.

“शास्त्र तेच. बोलणं तिचं नाही.” सिस्टर पुस्तकावर हात ठेवतात. “सोसायटीचं पान त्यात नको, भाऊ. केडगावला विचारते. त्यांच्याकडे प्रत असेल तर फोटो मागवते.”

“तोवर मी थांबू?”

“थांबू नका. बांधा.”

काका विचार करतात आणि धंद्यातला तोडगा काढतात. शेवटच्या जुजाबरोबर कागदाच्या दोन अरुंद पट्ट्या शिवून ठेवायच्या, बोटभर बाहेर. पानं आली की त्या पट्ट्यांवर खळीनं चिकटवायची, पुस्तक पुन्हा उसवावं लागत नाही. सरकारी दफ्तरांत नकाशे असेच लावतात. याचे पैसे ते लावत नाहीत.

दुपारी 12.00

उसवणं. जुना दोरा रापीच्या टोकानं एकेक टाका कापत काढायचा. ओढायचा नाही, कागद फाटतो. कण्यावरचा जुना सरस ओल्या खळीनं मऊ करून खरवडायचा. पाऊण तासात जेमतेम एक चतुर्थांश पुस्तक सुटतं. पडलेले तुकडे काका झाडूनं लोटत नाहीत, हातानं वेचून डब्यात टाकतात. मानसचे तुकडे असले तर ते खलघाटला नर्मदेत जातात. सिस्टरना निघताना विचारलं होतं, तुमच्यात काय करतात? त्या म्हणाल्या, आमच्यात तसा नियम नाही. म्हणून तेही त्याच डब्यात.

दुपारी 1.30

डबा. पोळी, दोडक्याची भाजी, ताक. वीज गेलेली.

दुपारी 2.40

घाटाखालून एक माणूस मोटरसायकलवर येतो. चाळिशीचा, सिमेंटनं हात फाटलेले. आठवडाभर गवंड्याच्या हाताखाली, दिवसाला पाचशे. रविवारी वस्तीवर दहा-बारा घरांपुढे शास्त्र वाचतो. पुस्तक हिंदी, माणसं भिलाली बोलणारी. तो हिंदीतून वाचतो आणि सांगतो भिलालीतून.

त्याच्या बायबलाच्या कडा फुलून आल्यात, पानं कुत्र्याच्या कानासारखी दुमडलेली. त्याला कण्याला पट्टी हवी आणि तिन्ही बाजू कापून साफ हव्यात. दोनशे रुपये आणलेत.

काका पुस्तक उघडतात आणि कटिंगच्या सुरीपाशी नेता नेता थांबतात. समास भरलेले आहेत. निळ्या बॉलपेननं, पेन्सिलीनं, कुठं खाडाखोड करून. देवनागरीत लिहिलेले भिलाली शब्द, अगदी कडेपर्यंत. काका पट्टी लावून दाखवतात: इथून कापलं तर हे जाईल, हेही जाईल.

माणूस वाकून बघतो. एक शब्द त्यानं तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलाय. का, तर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बायका हसल्या. दुसऱ्यांदा कुणाला समजलं नाही. मग एका म्हातारीनं शब्द दिला.

“चर्चवाल्यांना हे चालतं?” मी विचारतो.

तो म्हणतो, पाळक महिन्यातून एकदा येतात. ते ऐकतात, कधी म्हणतात हा अर्थ नाही, तसं लिहू नकोस. मग तो खोडतो. कधी पाळकच म्हणतात, हे बरं आहे. छापलेल्यात मात्र हात नाही घालायचा.

“तर मग कापायचं?” काका.

“मत काटो, काका। छपा हुआ तो महू में मिल जाएगा। ये नहीं मिलेगा।”

दुपारी 3.10

कापणं रद्द. मग पॉलिश कागद. पुस्तक दोन फळ्यांमध्ये घट्ट आवळून काका कडा घासतात, आधी जाड कागदानं, मग बारीक. चाळीस मिनिटं. सुरीनं दोन मिनिटांत झालं असतं. पांढरी भुकटी त्यांच्या मनगटावर बसते. कडा गुळगुळीत नाही होत, पण पान उलटताना अडकत नाही. कण्याला आतून कापडाची पट्टी, वरून काळं रेक्झिन. माणूस समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहतो, दोनदा येऊन बघून जातो.

समासाचं काम करणारे लोक याआधीही होते. पण त्यांच्या टिपा पुढे वेगळी पुस्तकं झाली, त्यांना नावं मिळाली. याची वही हीच, आणि तिला पुठ्ठा दोनशे रुपयांचा.

संध्याकाळी 4.30

वीज आली. पंख्यानं पतंगी कागद उडतो म्हणून पंखा बंद. सिस्टरच्या पुस्तकाची पानं आता भाचा जोडतोय. पातळ कागदाची पट्टी, त्यावर पातळ खळ, दुमडीवरून हाडाच्या पट्टीनं हळू दाबायचं. घाई केली की अक्षर पुसटतं. पहिल्या पानावर त्यानं खळ जास्त लावली. काका बोलले नाहीत, ब्रश त्याच्या हातून घेऊन बाजूला निथळला आणि परत दिला.

मधे दोन किरकोळ कामं. एका मुलीची प्रोजेक्टची फाइल, एका वकिलाची वही. एकशेवीस.

संध्याकाळी 6.45

घासलेलं बायबल तयार. माणूस आधी तो चारदा लिहिलेला शब्द शोधतो. आहे. मग पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत. अंधारात घाट उतरायचाय. काका म्हणतात, खळ ओली आहे, परवापर्यंत पूर्ण उघडू नको. परवा रविवार आहे, तो म्हणतो. काका म्हणतात, मग रविवारी उघड, आधी नको.

संध्याकाळी 7.30

हिशोब. कॉन्व्हेंट साडेचारशे, सिस्टर तीनशे, घाटाखालचे दोनशे, किरकोळ एकशेवीस. रोख एक हजार सत्तर. भाच्याला साडेतीनशे. दोऱ्याचं रीळ नव्वद. चहा चाळीस. पाचशे नव्वद उरले, पोहे सकाळीच खिशातून गेलेले. रजिस्टरांचे चोवीसशे उधारीच्या पानावर.

सिस्टरची सुटी जुजं क्रमानं रचून, वर पुठ्ठा ठेवून शिकंज्यात. खालच्या बाजूला एक मानस आहेच. चाक दीड फेरा. दोन कोऱ्या पट्ट्या कापून काकांनी वेगळ्या ठेवल्यात, त्यावर पेन्सिलीनं लिहिलंय: केडगाव.

“उद्या पंचायतीची वीस रजिस्टरं,” ते भाच्याला सांगतात. “साडेआठला ये. आणि पुठ्ठे उधार मिळतात का बघ, पंचायतीचं बिल मार्चच्या आधी निघत नाही.”