पडद्यावरचे पंतोजी

नांदेड-लातूरकडे विद्येची हौस नवी नाहीं. नांदेडास १९९४ सालीं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें, आणि ‘लातूर पॅटर्न’ हें नांव तर साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडीं आहे. आतां इकडील मुलेंमुली संगणकाच्या भाषाही शिकूं लागलीं आहेत. लहान गांवांत या विषयाचा जाणता शिक्षक मिळणें कठीण; म्हणून यूट्यूबवरील एखादी लोकप्रिय पाठमाला हाच पुष्कळांचा गुरु होतो. पाठ फुकट, आणि समजला नाहीं तर पुन्हां लावतां येतो. हे लाभ आम्ही नाकारीत नाहीं. परंतु या पाठांपैकीं पुष्कळांची योग्यता काय, याचा विचार घरांतील वडीलधाऱ्यांनीं केला पाहिजे.

एक उदाहरण घेऊं. ‘सी’ भाषेच्या पाठांत नांव विचारण्याचा प्रसंग हटकून येतो. शिक्षक वीस अक्षरांची जागा राखतो व ‘गेट्स’ या आज्ञेनें नांव भरून घेतो. त्यानें ‘राम’ लिहिलें, पडद्यावर ‘राम’ उमटलें, पाठ संपला! पण आपल्या रीतीप्रमाणें स्वतःचें नांव, वडिलांचें नांव व आडनांव रोमन लिपींत लिहिलें, तर वीसांहून अधिक अक्षरें सहज होतात. जागा किती आहे हें ‘गेट्स’ पाहतच नाहीं. पायली भरली तरी धान्य ओतीतच राहावें, तशीं उरलेलीं अक्षरें शेजारच्या स्मृतींत सांडतात व तेथील मजकूर बिघडवितात. १९८८ सालीं हजारों संगणक अडविणाऱ्या ‘मॉरिस वर्म’च्या शिरकावाची एक वाट हीच होती. २०११ च्या प्रमाण-नियमांत ही आज्ञा भाषेंतून काढूनच टाकली. तरी अनेक पाठांत ती अद्याप सुखानें नांदते.

असा सदोष धडा शिकणाऱ्यापाशींच थांबत नाहीं. २०१७ सालच्या एका संशोधनांत ‘पीएचपी’ भाषेंतील ६४ हजारांहून अधिक प्रकल्प तपासले, तेव्हां लोकप्रिय पाठांतील नमुन्यांशीं जुळणारीं १०० हून अधिक धोक्याचीं भगदाडें आढळलीं. एकाची चूक शेंकडोंच्या वहींत उतरते, ती अशी.

याहून मोठा दोष शिकविण्याच्या रीतींत आहे. शिक्षक भराभर लिहितो, मूल तसेंच उतरवितें. यंत्र चाललें कीं विद्या आली असें दोघांसही वाटतें. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) नियमामागोमाग शिष्यानें सोडवावयाचें उदाहरण येतें. या पाठांत तें बहुधा नसतेंच. ज्यानें केवळ ‘राम’ शब्द घोकला, तो ‘रामेण’वरून ‘देवेण’ असें रूप करील. ज्यास ‘न’चा ‘ण’ कां होतो हें ठाऊक आहे, तोच ‘देवेन’ म्हणेल. घोकणें आणि जाणणें यांत एवढें अंतर आहे.

शहरांतील मुलास विचारावयास दुसरें कोणी तरी मिळतें. आमच्याकडील मुलास पडदा हाच एकटा गुरु. म्हणून वाईट पाठाचा दंड त्यासच अधिक बसतो. पन्नास पाठ पाहून तो पुण्यास मुलाखतीस जातो, आणि समोर कोरा कागद आला कीं हात थबकतो. वर्षें गेलीं, वडिलांचा पैसा गेला, आणि ‘आपणांस बुद्धीच नाहीं’ हा खोटा समज पदरीं आला!

यावर उपाय घरींच आहेत. संगणक न जाणणाऱ्या आजोबांनींही पडदा मिटवून नातवास विचारावें, “बाळ, ही ओळ कां लिहिलीस? ही काढली तर काय होईल?” उत्तर आलें नाहीं, तर पाठ झालाच नाहीं. ज्या पाठांत स्वतः सोडवावयाचीं उदाहरणें आहेत, चूक कशी शोधावी हें दाखविलें आहे आणि भाषेची कोणती आवृत्ति शिकवीत आहों हें सांगितलें आहे, तेच निवडावे. मुंबईच्या आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ उपक्रमांत मराठींतूनही पाठ आहेत, व ऐकतां ऐकतां स्वतः करून पाहावें अशीच त्यांची रचना आहे.

मुलगा किती तास पडद्यापुढें बसला हें मोजूं नये. पडदा मिटल्यावर त्यास काय करतां येतें, तें पाहावें.